कोकमतेलाच्या नॅनोकणांचं मॉइश्चरायझिंग जेल: ४०० ग्रॅमच्या बॅचची पूर्ण कृती

मुंबईच्या दमट हवेत अंगाला पेट्रोलियम जेली चोपडून लोकलमध्ये चढायला कोणीच तयार होणार नाही. पण त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवायला तिच्या तोडीचा दुसरा पदार्थ सहज सापडत नाही. याउलट साधं पाणीदार जेल लावलं की दहा मिनिटं छान गार वाटतं. मग जेलमधलं पाणी उडून जातं आणि त्वचा पुन्हा ओढल्यासारखी होते. लिपिड नॅनोकण, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे अतिसूक्ष्म कण, घातलेलं जेल या दोन्हींच्या मधलं आहे. हाताला ते जेलसारखं हलकं लागतं, आणि पाणी उडून गेल्यावर मागे घन स्निग्ध पदार्थाचा पातळ थर उरतो.

हा लेख फार्मसीचे विद्यार्थी, सौंदर्यप्रसाधनांचे छोटे उत्पादक आणि प्रयोगशाळेत हात असणारे लोक यांच्यासाठी आहे. स्वयंपाकघरातल्या हँड ब्लेंडरने नॅनोकण तयार होत नाहीत, साधं इमल्शन, म्हणजे पाण्यात तेलाच्या मोठ्या थेंबांचं मिश्रण, तयार होतं. तेही वाईट नसतं, पण ते हे नव्हे.

पाणी अडतं कसं

त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे स्ट्रॅटम कॉर्नियम, बहुतेक अंगावर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड असतो. त्यात मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल व मुक्त मेदाम्लं त्या विटांमध्ये चुन्यासारखी भरलेली असतात. चुना झिजला की आतलं पाणी झपाट्याने बाहेर पडतं. मॉइश्चरायझर तीन प्रकारे मदत करतो: ग्लिसरीनसारखे पदार्थ पाणी धरून ठेवतात, तेलं खडबडीतपणा मऊ करतात आणि घन चरबी किंवा मेण वरून झाकण घालतं.

नॅनोकणांचं मुख्य काम या तिसऱ्या प्रकारातलं. ‘नॅनोकण त्वचेच्या खोल थरांत शिरतात’ अशी जाहिरात सर्रास दिसते. प्रत्यक्षात निरोगी त्वचेवर ते बहुतांशी पृष्ठभागावरच राहतात, थोडेफार केसांच्या मुळांशी साचतात. मॉइश्चरायझरला तेच हवं असतं. जेलमधलं पाणी उडू लागलं की कण एकमेकांजवळ ओढले जातात, दाटीवाटीने बसतात आणि त्यांचा सलग थर बनतो. कण जितके लहान, तितक्या त्यांच्यामधल्या फटी लहान. रवा आणि मैदा ताटात पसरून पाहिले तर फरक लगेच समजतो. प्रयोगांतून असं दिसलं आहे की झाकण चांगलं बसायला कण ४०० नॅनोमीटरपेक्षा लहान हवेत (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), स्निग्धांश भरपूर हवा आणि तो नीट स्फटिकलेला, म्हणजे घन हवा. द्रवरूप तेलाचे तितकेच लहान थेंब घेतले तरी हे झाकण तितकं पक्कं बसत नाही.

म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट राखायची आहे: त्वचेवर पोहोचेपर्यंत कण घन, लहान आणि सुटे राहिले पाहिजेत. तापमान, पीएच, मीठ, ढवळण्याचा वेग अशा बारीकसारीक वाटणाऱ्या सूचना सगळ्या त्यासाठीच आहेत.

फक्त घन मेण का नाही

या कणांची पहिली पिढी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये रायनर म्युलर आणि तुरिनमध्ये मारिया रोझा गास्को यांच्या प्रयोगशाळांतून पुढे आली. ते कण निव्वळ घन चरबीचे, म्हणून नाव सॉलिड लिपिड नॅनोपार्टिकल, थोडक्यात एसएलएन. त्यात एक अडचण होती. शुद्ध चरबी हळूहळू अधिकाधिक सुबक स्फटिकांत रचली जाते. अशा स्फटिकात विरघळलेल्या जीवनसत्त्वाला किंवा औषधाला जागा उरत नाही आणि ते बाहेर ढकललं जातं. शिवाय गोल कणांचे चपट्या पापुद्र्यांसारखे कण होतात, पृष्ठभाग वाढतो, कण पाण्यात सुटे ठेवणारा इमल्सिफायर पुरत नाही आणि बाटलीतलं कणांचं दुधासारखं मिश्रण एका रात्रीत दह्यासारखं घट्ट होतं.

दुसऱ्या पिढीत घन चरबीत थोडं द्रव तेल मिसळलं, त्यामुळे स्फटिकाची रचना मुद्दाम विस्कळीत राहते. हे नॅनोस्ट्रक्चर्ड लिपिड कॅरियर, म्हणजे एनएलसी. २००५ साली जर्मनीत याच तंत्राचं नॅनोरिपेअर क्यू१० हे उत्पादन बाजारात आलं. आपल्याकडे माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. वंदना पत्रावळे यांच्या गटाने त्याच दशकात व्हाल्डेकॉक्सिब आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामक औषधांची एनएलसी जेलं तयार करून अभ्यासली. तिथला उद्देश औषध पोहोचवण्याचा होता, पण कण बनवून जेलमध्ये बसवण्याची मूळ पद्धत इथेही तीच आहे.

स्निग्ध पदार्थ निवडताना

कोकणात रातांब्याच्या बियांपासून काढलेलं कोकमतेल घराघरात असायचं. त्याला कुठे मुठेल म्हणतात, गोव्याकडे भिरंडेल. नाव तेल असलं तरी ते साधारण ३८ ते ४२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणजे खोलीच्या तापमानाला कडक गोळा. त्यात स्टिअरिक आणि ओलेइक आम्लाचं प्रमाण मोठं असतं. त्वचेचा पृष्ठभाग सुमारे ३२ अंशांचा, त्यामुळे तिथेही ते घन राहायला हवं.

पण कोकमतेलाचेच कण करून चालत नाही. त्याला दोन कारणं आहेत. एक, चरबी नॅनोकणांत विभागली की तिचा वितळणबिंदू काही अंशांनी खाली येतो. गोठायला लागणारं तापमान तर त्याहूनही खाली जातं. कोकमतेलाचे थेंब खोलीच्या तापमानाला गार झाले तरी कित्येक दिवस द्रवच राहू शकतात. आपल्याला वाटतं कण झाले, प्रत्यक्षात ते तेलाचे थेंबच असतात. दोन, नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात ४५ अंशांत उभ्या असलेल्या टेम्पोमध्ये हे कण वितळणारच. वितळलेला माल पुन्हा थंड झाला की कण पहिल्यासारखे राहत नाहीत.

म्हणून कणांचा मुख्य आधार म्हणून सेटिल पामिटेट हे मेण घ्यायचं. ते ५० अंशांच्या आसपास वितळतं, गुळगुळीत लागतं आणि लवकर गोठतं. कोकमतेल त्याच्या जोडीला. द्रव तेल म्हणून कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड घ्यायचं. ते बऱ्याचदा खोबरेल तेलापासूनच काढतात, त्याला वास नसतो आणि ते सहज खवटत नाही. माल विदर्भात किंवा मराठवाड्यात जाणार असेल तर सेटिल पामिटेटच्या निम्म्या भागाऐवजी ग्लिसरिल बेहेनेट घ्या. ते ७० अंशांच्या आसपास वितळतं. मग पुढची सगळी गरम कामं ७० ऐवजी ८० अंशांवर करावी लागतील.

कोकमतेल शुद्ध केलेलं, गंधहीन आणा. आठवडी बाजारातला पिवळसर गोळा टाचेला लावायला उत्तम आहे, पण त्यात मुक्त मेदाम्लं, बियांचे कण आणि ओलावा असतो. त्यामुळे प्रत्येक बॅच वेगळी येते आणि दोन महिन्यांत वास मारू लागते.

साहित्य

कणांचं दूध, २०० ग्रॅम:

- सेटिल पामिटेट १६ ग्रॅम
- शुद्ध कोकमतेल ८ ग्रॅम
- कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड ६ ग्रॅम
- सोया लेसिथिन, तेल काढलेलं, १ ग्रॅम
- टोकोफेरॉल (ई जीवनसत्त्व) ०.२ ग्रॅम
- पोलोक्झामर १८८ (इमल्सिफायर), ४ ग्रॅम
- पॉलिसॉर्बेट ८० (इमल्सिफायर), ४ ग्रॅम
- परिरक्षक (जंतू-बुरशी रोखणारं): फिनॉक्सिइथेनॉल व इथिलहेक्सिलग्लिसरीन यांचं तयार मिश्रण १.८ ग्रॅम
- शुद्ध पाणी १५९ ग्रॅम

जेलचा पाया, २०० ग्रॅम:

- कार्बोमर ९८० (पाण्याचं जेल करणारी पावडर), २ ग्रॅम
- ग्लिसरीन २० ग्रॅम
- पँथेनॉल ४ ग्रॅम
- डायसोडियम ईडीटीए ०.२ ग्रॅम
- वरचंच परिरक्षक १.८ ग्रॅम
- कॉस्टिक सोड्याचं १० टक्के द्रावण, अंदाजे ६ ग्रॅम
- शुद्ध पाणी १६६ ग्रॅम

तयार जेलमध्ये स्निग्धांश ७.५ टक्के, ग्लिसरीन ५ टक्के, कार्बोमर ०.५ टक्के आणि परिरक्षक ०.९ टक्के येतं. पाणी डीआयोनाइज्ड किंवा डिस्टिल्डच हवं. बोअरवेलच्या पाण्यातलं कॅल्शियम कार्बोमरला पातळ करतं आणि कणांचे पुंजके करतं. घरच्या आरओच्या पाण्यातही क्षार उरतात, त्यावर भागवू नका.

कणांचं दूध तयार करणं

आदल्या दिवशी पोलोक्झामर थंड पाण्यात भिजवून ठेवा. हा पदार्थ गरम पाण्यापेक्षा थंड पाण्यात चांगला विरघळतो. फ्रिजमधल्या पाण्यात टाकून रात्रभर ठेवला की सकाळी द्रावण स्वच्छ झालेलं असतं. त्यात पॉलिसॉर्बेट मिसळा आणि ७० अंशांपर्यंत तापवा. झाकण ठेवा.

दुसऱ्या बीकरमध्ये आधी द्रव तेल आणि लेसिथिन एकत्र ७० अंशांवर ढवळा. लेसिथिनचे दाणे फुगून तेलात मिसळायला दहा मिनिटं लागतात. मग सेटिल पामिटेट आणि कोकमतेल टाका. सगळं वितळलेलं दिसल्यावरही आणखी १५ मिनिटं ७० अंशांवर ठेवा. चरबीत जुन्या स्फटिकांची बीजं शिल्लक राहतात, ती पूर्ण वितळली नाहीत तर पुढे कण वेडेवाकडे वाढतात. टोकोफेरॉल शेवटी घाला.

आता दोन्ही बीकर ७० अंशांवर आहेत याची थर्मामीटरने खात्री करा. फरक दोन अंशांहून जास्त नको. गरम पाण्याचं द्रावण स्निग्ध भागावर ओता आणि रोटर-स्टेटर होमोजिनायझर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्यांचं घुसळणयंत्र, मिनिटाला ८,००० फेऱ्यांवर दोन मिनिटं चालवा. हे कच्चं इमल्शन, थेंब अजून काही मायक्रोमीटरचे. होमोजिनायझरचं डोकं द्रवात पूर्ण बुडलेलं ठेवा, नाहीतर हवा ओढली जाऊन फेस होतो.

पुढे तुमच्याकडे कोणतं यंत्र आहे त्यावर अवलंबून आहे.

उच्चदाब होमोजिनायझर, म्हणजे द्रव मोठ्या दाबाने अरुंद फटीतून ढकलणारं यंत्र, असेल तर सर्वांत उत्तम. यंत्रातून आधी ७५ अंशांचं पाणी फिरवून ते गरम करा. ही पायरी वगळली तर मेण थंड व्हॉल्व्हमध्ये गोठतं, दाबाचा काटा उड्या मारतो आणि यंत्र उघडून साफ करत बसावं लागतं. मग ५०० बार दाबावर द्रव यंत्रातून तीनदा जाऊ द्या, म्हणजे तीन फेऱ्या. जास्त दाब, जास्त फेऱ्या म्हणजे जास्त बारीक कण असा समज असतो, तो चुकीचा आहे. विशिष्ट मर्यादेनंतर कण एकमेकांवर इतक्या वेगाने आदळतात की पुन्हा जुळून मोठे होतात. शिवाय दर ५०० बारमागे द्रव सुमारे दहा अंशांनी तापतो. दोन फेऱ्यांच्या मध्ये तापमान ७५च्या आसपास आणा.

प्रोब सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी थेंब फोडणारी कांडी, असेल तर दोन भाग करून प्रत्येकी १०० ग्रॅम घ्या. बीकर ७० अंशांच्या पाण्यात ठेवा. ५० ते ६० टक्के अॅम्प्लिट्यूड, ५ सेकंद चालू, ३ सेकंद बंद, असे चालू वेळेचे एकूण ८ मिनिटं. प्रोबचं टोक द्रवाच्या मध्यावर हवं, तळाला किंवा काचेला टेकलेलं नको. टोक खडबडीत, खड्डे पडलेलं दिसत असेल तर ते बदला. त्यातून टायटॅनियमचे कण तुटून मालात येतात.

फक्त रोटर-स्टेटर असेल तर १५,००० फेऱ्यांवर दहा मिनिटं. बरेच कण नॅनो आकाराचे येतील, पण थोडे मोठे कणही राहतीलच. शिकण्यासाठी चालेल. विकायच्या मालासाठी ही पद्धत पुरेशी नाही.

या दरम्यान पाणी उडतं. सुरुवातीला रिकाम्या बीकरचं वजन लिहून ठेवा, शेवटी भरलेल्या बीकरचं करा, आणि जितकं कमी भरेल तितकं ७० अंशांचं पाणी घाला. एवढं न केल्याने एका बॅचमध्ये १५ टक्के आणि दुसऱ्या बॅचमध्ये १७ टक्के स्निग्धांश येतो, आणि मग जेल कधी घट्ट, कधी सैल का होतं हे उमगत नाही.

थंड करणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. या क्षणी तुमच्याकडे कण नाहीत, गरम तेलाचे बारीक थेंब आहेत. थंड होताना ते गोठतील तेव्हाच कण होतील.

बीकर १५ ते २० अंशांच्या पाण्यात ठेवा आणि पॅडलने १५० ते २०० फेऱ्यांवर हळू ढवळत राहा. जोरात ढवळू नका. अर्धवट गोठलेले थेंब एकमेकांवर आदळले तर एकाचा स्फटिक दुसऱ्यात घुसतो आणि दोघं कायमचे चिकटतात. ताक घुसळताना लोणी वर येतं ते याच कारणाने. ४० अंशांच्या खाली आल्यावर परिरक्षक थेंबाथेंबाने घाला. २५ अंशांवर पोहोचल्यावर दूध नीट पाहा. ते पातळ आणि एकसारखं हवं, बीकर तिरका केला की काचेवर उतरणारा थर कडेला निळसर दिसला पाहिजे. पांढरंशुभ्र, खडूच्या पाण्यासारखं दिसलं तर कण मोठे आहेत.

मग बाटली काठोकाठ भरून फ्रिजमध्ये, ५ ते ८ अंशांवर, २४ तास ठेवा. कोकमतेलाचा भाग गोठायला हा थंडावा हवाच असतो. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नका. पाण्याचा बर्फ झाला की कण बर्फाच्या स्फटिकांमध्ये चेपले जाऊन त्यांचे गठ्ठे होतात, आणि ते पुन्हा सुटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तीन तपासण्या करा. एक थेंब ग्लासभर स्वच्छ पाण्यात सोडा: तो धुरासारखा पसरून निळसर धुकं व्हायला हवा, तरंगणारे पांढरे ठिपके दिसायला नकोत. सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पटीत पाहा: वेगळे मोजता येतील असे कण जवळपास नसावेत, फक्त लुकलुकणारी बारीक हालचाल दिसावी. आणि काचपट्टीवर एक थेंब ३२ अंशांवर वाळवा: थर निस्तेज, मेणचट हवा. बोटाला तेलकट चकाकी लागली तर थेंब अजून गोठलेले नाहीत, आणखी दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा.

प्रकाशाच्या विखुरण्यावरून कणांचा आकार मोजणाऱ्या डायनॅमिक लाइट स्कॅटरिंगची सोय अनेक फार्मसी महाविद्यालयांत असते. नमुना गाळलेल्या पाण्यात अगदी फिकट धूसर होईल इतका पातळ करून द्या. सरासरी आकार १५० ते २५० नॅनोमीटर आणि पॉलिडिस्पर्सिटी इंडेक्स (कणांच्या आकारात किती फरक आहे याचा आकडा) ०.२५च्या आत आला तर बॅच चांगली. ही तपासणी जेलमध्ये मिसळण्याआधीच करून घ्या. नंतर कार्बोमरची जाळी आकड्यांत गोंधळ घालते.

जेलचा पाया

ईडीटीए पाण्यात विरघळवा. ढवळणी ८०० फेऱ्यांवर ठेवून पाण्यात भोवरा करा आणि कार्बोमर बारीक चाळणीतून भोवऱ्याच्या उतारावर भुरभुरा, उपम्यात रवा सोडतो तसा. एकदम ओतला तर बाहेरून ओल्या, आतून कोरड्या गुठळ्या होतात. त्या नंतर कितीही घुसळलं तरी फुटत नाहीत आणि तयार जेलमध्ये माशाच्या डोळ्यांसारख्या चमकतात. सगळं पडल्यावर वेग कमी करा आणि तासभर फुगू द्या. ग्लिसरीन, पँथेनॉल आणि परिरक्षक मिसळा.

आता कॉस्टिक सोडा. डोळ्यांना चष्मा, हातात मोजे घालूनच हे द्रावण हाताळा. थेंबाथेंबाने घालत पीएच मोजत जा. पातळ, धूसर पाणी पाहता पाहता पारदर्शक जेल होतं. पीएच ५.८ ते ६.० आला की थांबा. अंदाजे ६ ग्रॅम लागतात, पण कार्बोमरच्या लॉटनुसार हा आकडा बदलतो, म्हणून मीटरवर विश्वास ठेवा, कृतीतल्या आकड्यावर नको. जितकं द्रावण कमीजास्त लागेल तितकं पाणी जास्त-कमी करून वजन २०० ग्रॅमला आणा. त्वचेचा पीएच ५च्या आसपास असतो, मग जेल तितकं आम्लधर्मी का ठेवत नाही? कारण ५.५च्या खाली कार्बोमरची ताकद झपाट्याने उतरते. ट्रायइथेनॉलअमाइननेही जेल होतं, पण काही घटकांबरोबर त्यातून नायट्रोसअमाइन ही घातक संयुगं तयार होण्याची शक्यता असते, म्हणून कॉस्टिक सोडा बरा.

दोन्ही एकत्र करणं

क्रम बदलू नका: आधी जेल उदासीन करायचं, मगच कण मिसळायचे. कच्च्या, आम्लधर्मी कार्बोमरमध्ये दूध ओतलं तर त्याचे आम्लगट पोलोक्झामर आणि पॉलिसॉर्बेटच्या साखळ्यांना चिकटतात. कणांवरचं संरक्षक कवच ओढलं जातं आणि पांढरे फाटके पुंजके दिसू लागतात. नंतर पीएच वाढवला तरी ते पुंजके तसेच राहतात.

दोन्ही २५ अंशांच्या आसपास असू द्या. जेलमध्ये दूध पाच-सहा हप्त्यांत घाला. प्रत्येक हप्ता पूर्ण मिसळल्यावरच पुढचा. रुंद पॅडल, २०० ते ३०० फेऱ्या, एकूण वीस मिनिटं. होमोजिनायझर इथे वापरायचा नाही, तो कार्बोमरच्या साखळ्या तोडतो आणि जेल कायमचं सैल पडतं. शेवटी पीएच पुन्हा मोजा. थोडा उतरलेला असेल, एक-दोन थेंब सोड्याने जागेवर आणा. रात्रभर झाकून ठेवा, हवेचे बुडबुडे निघून जातील.

हाती येईल ते पांढरट, अर्धपारदर्शक जेल. बोटावर घेतलं की उभं राहतं, चोळलं की पाण्यासारखं विरतं, आणि दोन मिनिटांनी त्वचा कोरडी पण रेशमी लागते.

झाकण खरंच बसतं का: बीकरची परीक्षा

मॉइश्चरायझरची ही स्वस्त आणि प्रामाणिक परीक्षा आहे. १०० मिलीचे बीकर घ्या, प्रत्येकात ५० मिली पाणी. तोंडावर फिल्टर पेपर घट्ट बसवा. कागदावर २०० मिलिग्रॅम नमुना एकसारखा पसरा. एका बीकरवर कोराच कागद, एकावर कण नसलेलं जेल, एकावर तुमचं जेल, एकावर पेट्रोलियम जेली. प्रत्येकाचे तीन-तीन बीकर ठेवा. ३२ अंश तापमान आणि ५० ते ५५ टक्के आर्द्रतेत ठेवून ६, २४ आणि ४८ तासांनी वजन करा. पावसाळ्यात उघड्या खोलीत ही परीक्षा घेऊ नका, बाहेरची आर्द्रताच निकाल ठरवेल.

गणित सोपं आहे. समजा कोऱ्या कागदातून ८ ग्रॅम पाणी उडालं आणि तुमच्या जेलमधून ५.२ ग्रॅम. फरक २.८, त्याला ८ने भागून १००ने गुणलं की ३५. हा अवरोध गुणांक. शून्य म्हणजे काहीच अडलं नाही, १०० म्हणजे सगळं अडलं. कण नसलेल्या जेलचा आकडा जवळजवळ शून्य येतो. तुमच्या जेलचाही तसाच आला तर कण मोठे झाले असतील किंवा गोठलेलेच नसतील. ७.५ टक्के स्निग्धांशाने पेट्रोलियम जेलीची बरोबरी होणार नाही, आणि ती अपेक्षाही ठेवू नये.

बिघाड आणि त्यांची कारणं

जेल दोन दिवसांत पातळ झालं तर आधी मीठ शोधा. सोडियम लॅक्टेट, सोडियम पीसीए, कोरफडीची पावडर, क जीवनसत्त्वाचे फॉस्फेट क्षार हे सगळे कार्बोमरचे वैरी. हे घटक हवेच असतील तर कार्बोमर सोडा आणि १.२ ते १.५ टक्के हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोज वापरा. स्पर्श थोडा लिबलिबीत येतो, पण मिठाने बिघडत नाही. युरियाची गोष्ट वेगळी: तो हळूहळू विघटित होऊन पीएच वर चढवतो, त्यामुळे पीएच स्थिर ठेवणारा बफर नसेल तर घालू नका. कायटोसान किंवा केसांच्या कंडिशनरमधले धनप्रभारित घटक कार्बोमरबरोबर लगेच साकळतात.

बाटलीतलं दूध मिसळण्याआधीच घट्ट झालं तर इमल्सिफायर कमी पडला आहे किंवा द्रव तेल कमी आहे. उन्हात ठेवलेली, हेलकावे खाल्लेली बाटली लवकर घट्ट होते. दूध गडद बाटलीत, थंड जागी ठेवा आणि आठवड्याच्या आत जेलमध्ये घाला.

लावताना त्वचेवरून मळासारखे बारीक गोळे सुटत असतील तर कार्बोमर जास्त आहे किंवा जेल जाड थरात लावलं जातंय. ०.४ टक्क्यांपर्यंत खाली या.

बुरशी आली तर फक्त परिरक्षक वाढवून भागणार नाही. पॉलिसॉर्बेट काही परिरक्षकांना, विशेषतः पॅराबेनला, बांधून ठेवतं आणि काही भाग तेलकट कणांत शिरतो, त्यामुळे पाण्यात उरतं ते कमी. फिनॉक्सिइथेनॉलला १ टक्क्याची मर्यादा आहे, म्हणून भांडी, पाणी आणि भरण्याची जागा यांची स्वच्छता आधी बघा. उघड्या डबीपेक्षा पंपाची बाटली केव्हाही चांगली.

टिकाऊपणा पाहायला काही नमुने ५, ३० आणि ४० अंशांवर तीन महिने ठेवा, आणि काहींना २४ तास ५ अंशांवर, २४ तास ४० अंशांवर असे सहा फेरे द्या. पीएच, घट्टपणा, वास आणि सूक्ष्मदर्शकाखालचं चित्र दर वेळी नोंदवा. ४० अंशांवर कोकमतेलाचा भाग मऊ पडतो, म्हणून हे फेरेच या सूत्राची खरी कसोटी आहेत.

विकायचं असेल तर

भारतात यासाठी सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० लागू होतात. महाराष्ट्रात उत्पादनाचा परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. परवान्याशिवाय घरातून डब्या विकणं बेकायदेशीर आहे. ‘इसब बरा करतो’ असा दावा केला की ते प्रसाधन राहत नाही, औषध ठरतं. युरोपला पाठवायचं असेल तर तिथल्या नियमात ‘नॅनो’ची व्याख्या अविद्राव्य किंवा शरीरात टिकून राहणारे, १ ते १०० नॅनोमीटरचे पदार्थ अशी आहे. विघटन होणारे २०० नॅनोमीटरचे चरबीचे कण साधारणपणे त्यात बसत नाहीत, तरी आकाराचा अहवाल हाताशी ठेवा.

वापर

अंघोळीनंतर अंग टिपून घ्या, त्वचा किंचित ओलसर असतानाच लावा. बोटाच्या पेराएवढं, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम जेल दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरतं. लावल्यावर दोन मिनिटं कपडा घासू देऊ नका, थर बसायला तेवढा वेळ लागतो. पहिल्यांदा वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस पाहा. फुटलेल्या, चिघळलेल्या त्वचेवर लावायचं नाही, तिथे त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. हातपाय, चेहरा, मान यांच्या रोजच्या कोरडेपणाला हे जेल चांगलं. टाचांच्या जाड, कोरड्या भेगांना एवढा पातळ थर पुरणार नाही. तिथे रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटं बुडवून, पुसून, वितळवलेलं मुठेल कोमट झाल्यावर भरा आणि वरून सुती मोजे घाला.